मोतीच्या सांधेदुखीवर हळद, लसूण आणि टी ट्री तेल

वाचकाचे पत्र

आमचा मोती हा लॅब्रेडॉर 10 वर्षांचा असून त्याचे वजन 41 किलो आहे. मागच्या पायांचे सांधे झिजल्याचे निदान गेल्या वर्षी झाले आणि पशुवैद्यांनी कार्प्रोफेन या वेदनाशामकाच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांनी यकृत आणि मूत्रपिंडे खराब होतात असे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. दोन महिन्यांपूर्वी मी त्याला हळद, मिरपूड आणि खोबरेल तेल एकत्र शिजवून केलेले मिश्रण सकाळ-संध्याकाळ जेवणातून देऊ लागले. प्रत्येक वेळी त्यातून चमचाभर तेल त्याच्या पोटात जाते. गोचिड्या आणि पिसवा लागू नयेत म्हणून रोज लसणाची एक पाकळी ठेचून देते. शेपटीच्या मुळाशी तो सारखा चाटतो, तिथले केस जाऊन लाल चट्टा पडला आहे. त्यावर टी ट्री तेलाचे चार-पाच थेंब लावते. मोती हल्ली जास्त उत्साही वाटतो, म्हणून गोळी मी दिवसाआड केली आहे. पशुवैद्यांना यातले काहीच सांगितलेले नाही, कारण पूर्वी एका डॉक्टरांकडे घरगुती औषधाचा विषय काढताच मला बोलणी खावी लागली होती. गोळ्या पूर्ण बंद करून मोतीला केवळ नैसर्गिक औषधांवर ठेवता येईल का? आणि आणखी कोणती वनौषधी त्याला द्यावी?

— काळजीत पडलेली एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील प्रत्येक उपायामागे मोतीविषयीची माया आहे आणि तुमची भीतीही निराधार नाही. तरीही उत्तराची सुरुवात मला दोन गोष्टी थांबवायला सांगून करावी लागते आहे. लसूण आणि टी ट्री तेल आजपासून बंद करा. हळदीबद्दल सावकाश बोलू. गोळीचा निर्णय मात्र तुम्ही एकटीने घेऊ नका, आणि मीही तो मोतीला न तपासता येथून घेणार नाही.

लसूण आणि कांदा हे एकाच कुळातले. त्यांच्यातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात, कारण या संयुगांच्या माऱ्यापुढे कुत्र्याचे हिमोग्लोबिन माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा लवकर हार मानते. विकृत झालेले हिमोग्लोबिन पेशीच्या कडेला गुठळीसारखे जमते, त्या गुठळ्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात, आणि अशा सदोष पेशी शरीर स्वतःच मोडून काढते. हे नुकसान लगेच दिसत नाही, हा यातला सर्वांत फसवा भाग आहे. जपानमधील संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कुत्र्यांना वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम लसणाइतका अर्क सात दिवस दिला होता. त्यांच्या तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन यांची पातळी सर्वांत खाली गेली ती नवव्या ते अकराव्या दिवशी, म्हणजे अर्क देणे थांबल्यानंतर. लसूण शिजवला किंवा वाळवून त्याची पूड केली, तरी हा गुणधर्म जात नाही.

आता याचा अर्थ मोतीला विषबाधा झाली आहे असा घेऊ नका. 41 किलोच्या कुत्र्यासाठी एक पाकळी म्हणजे त्या प्रयोगातील मात्रेच्या अगदी लहानसा अंश आहे, आणि त्या प्रयोगातल्या कुत्र्यांनाही तीव्र पंडुरोग झाला नव्हता. पण ही पाकळी तुम्ही दोन महिने रोज देत आहात, आणि लसणाने कुत्र्याच्या अंगावरील गोचिड्या किंवा पिसवा दूर राहतात याला भरवशाचा पुरावा नाही. फायदा सिद्ध नसताना लहानसा धोकाही का पत्करावा? पुढच्या भेटीत रक्ताची संपूर्ण तपासणी करायला सांगा आणि लसूण किती दिवस दिला तेही सांगा. तोवर एक सवय लावून घ्या: मोती शांत बसलेला असताना त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. ती गुलाबी असायला हवी, बोटाने दाबल्यावर पांढरी पडायला हवी आणि बोट काढताच दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात. तसे असल्यास खालची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहा. हिरड्या फिकट किंवा पिवळसर दिसल्या, लघवी गडद तपकिरी झाली किंवा थोड्याशा हालचालीने धाप लागू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

टी ट्री तेलाचे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण येथे मात्रा आणि विषबाधा यांतले अंतर फारच थोडे आहे. वनस्पतीचे पान आणि त्यातून काढलेले तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाटलीतील शुद्ध तेलात त्या पानांतील तीव्र द्रव्ये कित्येक पटींनी एकवटलेली असतात. ती त्वचेतून झपाट्याने शोषली जातात, आणि मोती तर तीच जागा चाटतो आहे, म्हणजे तेल पोटातूनही आत जाते आहे. अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधा केंद्राकडे 2002 ते 2012 या काळात शुद्ध टी ट्री तेलाच्या ज्या घटना नोंदवल्या गेल्या, त्यांत 337 कुत्री आणि 106 मांजरे होती. लाळ गळणे, मलूल होणे, पाय लटपटणे, मागच्या पायांतले बळ जाणे आणि कंप सुटणे ही लक्षणे त्यांत दिसली. ती सहसा 2 ते 12 तासांत सुरू झाली आणि काहींमध्ये 3 दिवसांपर्यंत टिकली. ज्याचे मागचे पाय आधीच दुखतात अशा कुत्र्यात पाय लटपटू लागले, तर ‘सांधेदुखी बळावली’ असे समजून खरे कारण नजरेआड होण्याची भीती मला विशेष वाटते. अंगावर आज लावलेले तेल असेल तर ती जागा कोमट पाणी आणि सौम्य शाम्पूने धुऊन काढा, मोतीला ती चाटू देऊ नका, आणि वरील कोणतेही लक्षण दिसले तर घरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता त्याला थेट दवाखान्यात न्या. प्राण्यांसाठीच्या काही शाम्पूंत हे तेल असते, पण तिथे त्याचे प्रमाण 1 टक्का किंवा त्याहूनही कमी असते. बाटलीतल्या थेंबांशी त्याची बरोबरी होत नाही.

आणि त्या चट्ट्याकडे थोडे निरखून पाहू या. शेपटीच्या मुळाशी, कमरेच्या खालच्या भागात खाज सुटणे ही पिसवांच्या ॲलर्जीची अगदी ठरलेली खूण आहे. अशा कुत्र्याला थोड्याशा पिसवा चावल्या तरी पुरते, आणि चाटताना तो त्या गिळून टाकत असल्याने अंगावर एकही पिसू सापडत नाही. बारीक दातांच्या फणीने त्या भागातले केस विंचरा, निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. तिच्याभोवती तांबूस डाग उमटले तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे त्यात मोतीचेच रक्त आहे. दुसरी शक्यता अशी की, कमरेचा किंवा मणक्याचा सांधा आतून दुखत असल्याने तो त्यावरची त्वचा चाटतो आहे. पहिल्या शक्यतेवर पिसवांचे खरे औषध हवे आणि दुसरीवर वेदनेचे. लसूण आणि तेल यांनी यांपैकी एकही प्रश्न सुटला नसता. उलट दोन महिने आपण काहीतरी करत आहोत या समाधानात निदान लांबले.

आता गोळीबद्दल. कार्प्रोफेन आणि त्याच्या वर्गातील वेदनाशामकांचे दुष्परिणाम असतात, हे तुम्ही वाचलेले खरे आहे. सर्वाधिक आढळतात त्या पोटाच्या तक्रारी: उलटी, जुलाब, भूक मंदावणे आणि क्वचित जठरात व्रण. यकृत आणि मूत्रपिंडे यांना इजा होण्याची शक्यता त्या मानाने कमी, पण ती असते, आणि म्हणूनच गोळी सुरू करण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने रक्ततपासणी करतात. मोतीची शेवटची तपासणी केव्हा झाली? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तुमच्या भीतीवर सर्वांत चांगला उतारा त्या अहवालातील आकड्यांमध्ये आहे. आकडे ठीक असतील तर निर्धास्त राहता येईल, नसतील तर मात्रा कमी करण्याचा किंवा औषध बदलण्याचा विचार पशुवैद्य करतील. वेदना कमी करणारी दुसऱ्या वर्गातील औषधेही आहेत, त्यामुळे ‘हीच गोळी किंवा काहीच नाही’ अशी कोंडी कुणी तुमच्यासमोर ठेवलेली नाही. मात्र गोळी आपल्या मनाने दिवसाआड करण्यात एक तोटा आहे: औषधाचा धोका काही अंशी राहतो आणि आराम मात्र अर्धवट मिळतो. वेदना अंगावर काढणे हेही निरुपद्रवी नसते. दुखणारा पाय कुत्रा वापरत नाही, न वापरल्याने मांडीचे स्नायू आटतात, स्नायू आटल्याने सांध्याचा आधार जातो आणि दुखणे वाढते.

याच संदर्भात एक इशारा देणे आवश्यक आहे. विलो या झाडाच्या सालीचा अर्क ‘नैसर्गिक वेदनाशामक’ म्हणून विकला जातो. त्यात ॲस्पिरिनच्या जातकुळीतली द्रव्ये असतात, आणि ती कार्प्रोफेनबरोबर पोटात गेली तर जठराला व्रण पडण्याचा धोका वाढतो. माणसांच्या दुखण्यावरचे बाम आणि चोळायची तेले यांत कापूर आणि विंटरग्रीनचे तेल असते. कापराने कुत्र्याला झटके येऊ शकतात, आणि विंटरग्रीन म्हणजे पुन्हा ॲस्पिरिनचाच भाऊबंद. मोतीच्या कमरेला असे काही चोळू नका.

हळदीविषयी मी अधिक सविस्तर लिहितो, कारण तुमचा भरवसा तिच्यावर सर्वांत जास्त आहे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाहाला आवर घालते, यात शंका नाही. पण हळदीच्या पुडीत त्याचे प्रमाण साधारण 3 टक्के असते, आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याची यकृत लगोलग विल्हेवाट लावते. मिरपूड घालण्यामागे हेच कारण आहे: मिऱ्यातील पायपरिन यकृताचे हे काम मंदावते. आता हा मुद्दा पुढे नेऊन पाहा. यकृतातील ज्या यंत्रणेला पायपरिन आवर घालते, तीच यंत्रणा इतर अनेक औषधेही शरीराबाहेर काढत असते. यकृताच्या काळजीपोटी गोळी कमी करायची आणि त्याच वेळी यकृताचे काम मुद्दाम मंदावणारा पदार्थ रोज दोनदा द्यायचा, हे परस्परविरोधी आहे. शिवाय हळद रक्त गोठण्याची क्रिया काहीशी मंदावू शकते, त्यामुळे जठराला त्रास देऊ शकणाऱ्या गोळीबरोबर ती मोठ्या प्रमाणात देताना सावध राहावे लागते. पित्ताशयाचे विकार असलेल्या कुत्र्याला ती देऊ नये.

कुत्र्यांच्या सांधेदुखीवर हळदीच्या अर्काची एक चांगली चाचणी झाली असून ती 2003 साली प्रसिद्ध झाली. तीत काही कुत्र्यांना अर्क आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली होती, आणि कोणाला काय मिळाले हे मालकांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. पाय जमिनीवर किती जोराने टेकतो हे मोजणाऱ्या यंत्रावर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तपासणाऱ्या पशुवैद्यांच्या एकूण मतात मात्र अर्काच्या बाजूने फरक आढळला. माझे मत विचाराल तर, हळद निरुपयोगी आहे असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि गोळीची जागा ती घेईल असे म्हणण्याइतका तर मुळीच नाही. ती चालू ठेवायची असेल तर पशुवैद्यांना प्रमाण सांगून, त्यांच्या संमतीने ठेवा, आणि त्यातून खोबरेल तेल वगळा. दोन चमचे तेल म्हणजे रोज सुमारे 80 कॅलरी. वजन उतरवण्याची गरज असलेल्या कुत्र्याला त्या परवडत नाहीत. तेलकट आहाराने काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाहही होतो.

‘पण मोती उत्साही दिसतो, ते कसे?’ हा तुमचा प्रश्न असणार, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. सांध्यांच्या झिजेचे दुखणे सारखे नसते. काही आठवडे ते वाढते आणि काही आठवडे आपोआप ओसरते. नवा उपाय आपण सहसा दुखणे वाढलेले असताना सुरू करतो, त्यामुळे पाठोपाठ येणारा उतार त्या उपायाच्या खात्यावर जमा होतो. त्यात आपली आशाही मिसळते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सांधेदुखीने लंगडणाऱ्या आणि केवळ औषध नसलेली गोळी मिळालेल्या 58 कुत्र्यांची माहिती तपासली होती. यंत्राच्या मोजणीत सुधारणा नसतानाही मालकांना कुत्रा सुधारल्याचे वाटले, असे सुमारे 40 टक्के वेळा घडले. पशुवैद्यांचीही तशीच फसगत झाली, आणि साधारण तितक्याच वेळा. म्हणून हा दोष मी तुमच्या एकटीच्या पदरात घालत नाही. कुत्रा बोलून सांगत नाही, तो दुखणे लपवतो, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या डोळ्यांना जे पाहावेसे वाटते ते दिसते.

यावर उपाय आहे, आणि तो घरी करता येतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच जमिनीवर मोतीचे मोबाइलवर लहानसे चित्रीकरण करा. आधी तो झोपेतून उठताना टिपा: पुढचे पाय रोवून तो किती वेळ थांबतो, मागचे पंजे घसरतात का, कंबर उचलायला एक झटका पुरतो की दोन-तीन लागतात. मग त्याला बाजूने आणि मागून चालताना टिपा. बरोबर एका वहीत ठरावीक गोष्टी लिहा: रात्री किती वेळा जागा बदलली, किती पायऱ्या न थांबता चढला, फिरताना कुठून परत वळावेसे त्याला वाटले, कोणता सांधा चाटत होता. कोणताही बदल एका वेळी एकच करा, तोही पशुवैद्यांना विचारून, आणि पुढचे चार-सहा आठवडे दुसरे काही बदलू नका. सध्या तुम्ही लसूण, हळद, तेल आणि गोळी या चारही गोष्टी एकाच काळात फिरवल्या आहेत, त्यामुळे कशाने काय झाले हे कोणालाही सांगता येणार नाही.

तुमच्या मूळ इच्छेचे, म्हणजे गोळ्या कमी करण्याचे, काय? ती इच्छा रास्त आहे आणि तिच्याकडे जाणारी एक वाट माझ्या मते खरोखर भक्कम आहे: वजन. मोती 41 किलोचा आहे. मध्यम बांध्याचा नर लॅब्रेडॉर साधारण 29 ते 36 किलोचा असतो. फासळ्यांवर तळहात अलगद फिरवून पाहा. फासळ्या न दाबता जाणवायला हव्यात, आणि वरून पाहिल्यावर कमरेशी शरीर आत गेलेले दिसायला हवे. तसे नसेल तर त्याच्या दुखऱ्या मागच्या सांध्यांवर प्रत्येक पावलागणिक नको असलेला भार पडतो आहे. वाढलेल्या वजनाच्या आणि सांधे झिजलेल्या कुत्र्यांवरील एका अभ्यासात शरीराचे वजन 6 ते 9 टक्क्यांनी उतरताच लंगडणे कमी झाल्याचे दिसले. मोतीच्या बाबतीत हे सुमारे अडीच ते पावणेचार किलो होते. लॅब्रेडॉर जातीच्याच 48 कुत्र्यांचा पिल्लूपणापासून अखेरपर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावून जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले जाई. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते) 13 वर्षे आणि त्यांच्या जोडीदारांचे 11.2 वर्षे भरले, आणि सांधेदुखीवर उपचारांची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा पडली. एखाद्या वनौषधीने इतके साधले असते, तर तिची केवढी जाहिरात झाली असती! अन्न अंदाजाने न घालता वजनकाट्यावर तोलून घाला, येता-जाता दिला जाणारा घास त्याच हिशेबात धरा आणि महिन्याला 1 ते 2 किलोपेक्षा जास्त घाई करू नका.

नैसर्गिक पूरकांपैकी पुराव्याच्या आधारे मी ज्याचे नाव पुढे करीन, ते माशाचे तेल. त्यातील ओमेगा-3 मेदाम्ले दाह कमी करतात, आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे मेदाम्ल भरपूर असलेला आहार मिळालेल्या कुत्र्यांची कार्प्रोफेनची मात्रा इतरांपेक्षा लवकर कमी करता आली. तुम्हाला हवे आहे ते नेमके हेच. परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यांकडून घ्या. कॉड माशाच्या यकृताचे तेल याऐवजी वापरू नका. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात आणि ती शरीरात साठून बाधू शकतात. जवसाच्या तेलाचाही फारसा उपयोग नाही, कारण त्यातील मेदाम्लाचे हव्या त्या रूपात रूपांतर करण्याची कुत्र्याच्या शरीराची क्षमता तोकडी आहे. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठीच्या पूरकांच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, पण 2022 साली उपलब्ध चाचण्यांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला त्यात वेदना कमी करण्यासाठी त्यांचा उपयोग दिसला नाही. सालई गुग्गुळाची 29 कुत्र्यांवरची एक आशादायक चाचणी आहे. तीत तुलनेचा गट नव्हता, आणि मालकांच्या डोळ्यांविषयी वर जे लिहिले ते लक्षात घेता मी तिच्यावर फार विसंबणार नाही.

औषधाखेरीजच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, पण त्यांना दुय्यम समजू नका. गुळगुळीत फरशीवर मोतीच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणाऱ्या पट्ट्या अंथरा. पंजांच्या गाद्यांमधले केस आणि नखे वेळेवर कापा. वाढलेल्या नखांमुळे पाऊल नीट टेकत नाही. अंथरूण जाड ठेवा. आठवड्यातून एकदा लांबवर फिरवण्याऐवजी रोज दोन-तीन वेळा थोडे थोडे, सपाट जमिनीवर फिरवा. पोहण्याची सोय असेल तर त्याइतका चांगला व्यायाम नाही.

आणखी कोणती वनौषधी द्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, सध्या कोणतीच नवी नको. पुढेमागे पोट किंचित बिघडले, तर थोडेसे इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून देता येते किंवा तेल-मीठ न घालता शिजवलेला लाल भोपळा अन्नात मिसळता येतो. मात्र उलट्या, रक्त किंवा मलूलपणा असेल तर हे करत बसू नका. कोरफडीच्या पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास शरीरातील पोटॅशियम घटते, आणि कुत्रा स्टेरॉइड किंवा लघवी वाढवणारे औषध घेत असेल तर ते घातक ठरते. कोणताही तयार काढा किंवा सिरप देण्यापूर्वी घटक वाचा: झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी गोडी कुत्र्याची रक्तशर्करा अचानक पाडते आणि जास्त मात्रेत यकृत निकामी करते, तर द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात. माणसाला पोषक असलेल्या वस्तूंची ही अवस्था आहे, म्हणून ‘आम्ही रोज खातो, मग त्याला काय होणार’ हा निकष येथे चालत नाही.

राहिला पशुवैद्यांशी बोलण्याचा प्रश्न. ज्यांनी तुम्हाला फटकारले त्यांनी चूक केली, असे मी स्पष्टपणे म्हणतो. बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी माहिती दडवतो आणि त्याची किंमत प्राण्याला मोजावी लागते. पण सध्याच्या पशुवैद्यांनी तुमच्याशी तसे वागल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. त्यांना तुमचे म्हणणे मांडण्याची संधी द्या. वेळ घेतानाच सांगा की औषधांविषयी बोलायचे आहे आणि थोडा जास्त वेळ हवा. सोबत हळदीच्या मिश्रणाचे माप, टी ट्री तेलाची बाटली, लसूण सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, गोळ्या दिलेल्या दिवसांची नोंद आणि ती चित्रणे न्या. सुरुवात अशी करता येईल: “मला गोळ्यांच्या दुष्परिणामांची भीती वाटली, म्हणून मी हे सगळे देत होते. रक्त तपासून मला सांगा की गोळी चालू ठेवणे सुरक्षित आहे का, आणि वजन उतरवून व माशाचे तेल देऊन ती पुढे कमी करता येईल का.” एवढे बोलल्यावरही कुणी ऐकून घेतले नाही, तर दुसऱ्या पशुवैद्यांचे मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. वनौषधींचे रीतसर शिक्षण घेतलेले पशुवैद्यही असतात. तसे कुणी भेटले तरी त्यांना गोळीची आणि नेहमीच्या पशुवैद्यांना वनौषधीची कल्पना असू द्या. मोतीवर कधी शस्त्रक्रिया ठरली तर हळद आणि माशाचे तेल यांच्याविषयी भूल देणाऱ्यांना आधीच सांगा, कारण ती सहसा दोन आठवडे आधी थांबवावी लागतात.

भेट या आठवड्यातच ठरवा आणि तोवर गोळी कशी द्यायची हे दवाखान्यात फोन करून विचारा. फोनवरही लसूण, हळद आणि तेल यांचा उल्लेख करा. मोतीला उलट्या होत असतील, त्याने अन्न सोडले असेल किंवा त्याची विष्ठा डांबरासारखी काळी दिसली, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी त्याला घेऊन जा.

तुमचा,
सदर लेखक

(प्रत्यक्ष तपासणीची जागा हा सल्ला घेऊ शकत नाही, प्रत्येक कुत्र्याची मात्रा आणि पथ्य त्याला तपासणाऱ्या पशुवैद्यांनीच ठरवावे.)